कुबडी नटीची की पात्राची? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग संपल्यावर मेकअप रूमच्या दाराशी, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मांडवात आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर मला तेच ते प्रश्न येतात. इंदूरच्या मराठी-हिंदी हौशी रंगभूमीवर मी तीस वर्षं काम करते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं लिहितेही आहे. उत्तरं एकदाची लिहून ठेवली की पुढच्या वेळी माझा चहा तरी गार होणार नाही. प्रश्न आले त्याच शब्दांत ठेवले आहेत. काही बोचरे आहेत, राहू देत.

ताई, तुमच्या पायाला नक्की काय झालंय?

पोलिओ. माझा जन्म १९७४ चा. सव्वा वर्षाची असताना ताप आला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला. मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर आहे: दोन पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याला एक लॉक. उभं राहिलं की लॉक लावायचं, बसताना उघडायचं. उजव्या हातात कोपरापर्यंत येणारी कुबडी. डाव्या पायासाठी उजव्या हातात का, हाही प्रश्न नेहमीचाच. तोल असाच सांभाळला जातो, एवढंच.

आपल्याकडे पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यामुळे मी एका संपत आलेल्या जमातीतली आहे. नवीन कॅलिपर करायला गेले की तिथला मुलगा म्हणतो, “आता असं काम फार येत नाही.” ही बातमी चांगलीच आहे, पण मापं घेणारे हातही त्याच वेगाने कमी होताहेत.

तुम्हाला अपंग म्हणायचं, विकलांग की दिव्यांग?

इंदुरात तिन्ही ऐकू येतात. घरात अपंग, सरकारी खिडकीवर विकलांग. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द पुढे आणल्यावर खात्याच्या पाट्यांपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत दिव्यांग झालं. ज्यांना तो शब्द आवडतो त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझ्या पायात दिव्य काही असतं तर पट्ट्यांचं चामडं दर दोन वर्षांनी बदलावं लागलं नसतं, एवढंच म्हणते. अपंग म्हणा, चालेल. नटी म्हटलंत तर जास्त चालेल.

नाटकात कशा आलात?

बसता येत होतं म्हणून.

आमच्या मोहल्ल्यात गणपतीत मुलांचे कार्यक्रम व्हायचे. आठ-नऊ वर्षांची असेन. इंदूर म्हटल्यावर देवी अहिल्याबाईंचा प्रवेश हवाच, आणि अहिल्याबाई म्हणजे पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात शिवपिंडी आणि बसलेल्या. मुली सगळ्या नाचात नाव द्यायला धावलेल्या. बसवणाऱ्या काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा प्रश्न सुटला. पिंडी कणकेची होती, वरून काजळ फासलेलं. पडदा उघडायला उशीर झाला, हाताला घाम सुटला आणि काजळ तळव्यावरून मनगटाकडे ओघळायला लागलं. मला एकच वाक्य होतं: “न्याय सर्वांना सारखा.” ते म्हणताना मी काळा हात पदराखाली घेतला. समोरून कुणीतरी बाई म्हणाल्या, “बघ गं, किती शोभून दिसते.”

घरी येताना आजी म्हणाली, “हात का लपवलास?” मी म्हटलं, काजळ दिसलं असतं. ती म्हणाली, “मग तू नाटक केलंस.” त्या वेळी वाटलं ती रागावली. बऱ्याच वर्षांनी कळलं की माझ्या कामावरचं ते पहिलं परीक्षण होतं.

कामं मिळतात का? कोणत्या प्रकारची?

पहिली दहा वर्षं मला मिळालेली कामं सांगते. विंगेतला आवाज. आरामखुर्चीतली आजी, वय वर्षं तेवीस असताना. लग्न न जमणारी बहीण. आंधळी मुलगी (पाय अधू आहे म्हणून डोळे मिटायचे, हे तर्कशास्त्र मला आजही उलगडलेलं नाही). आणि एक अशी बाई जिला नायक रस्ता ओलांडून देतो, की तो मनाने मोठा आहे हे प्रेक्षकांना कळावं. त्या नाटकात मला नाव नव्हतं. संहितेत ‘अपंग स्त्री’ असं छापलेलं होतं.

मग एकदा एका दिग्दर्शकाने मला घरमालकीण दिली. चार महिन्यांचं भाडं थकलंय, ती मागायला येते. मी विचारलं, कुबडीचं काय करायचं? तो पानाची यादी बघत म्हणाला, “घेऊन या, नाहीतर पडाल.” बस्स. संवादात पायाचा उल्लेख नाही, अपघात नाही, उसासा नाही. पहिल्या प्रयोगात मी आत आले तेव्हा समोरच्या दोन रांगांची नजर खाली गेली ती मला दिसली. दोन मिनिटं ती तिथेच होती. मग भाडेकरू खोटं बोलला, मी त्याला पकडलं, आणि नजरा वर आल्या. तिसऱ्या मिनिटाला माणसं भाड्याचा हिशोब करत होती.

कुबडी नटीची होती, पात्राची नव्हती. मी पुढे जे काही लिहिलं ते या एका फरकातून निघालं. याच नाटकाचा दुसऱ्या संघाने प्रयोग केला तेव्हा त्यांच्या दिग्दर्शकाने आग्रह धरला की लोक विचारतील, तेव्हा एक वाक्य घालू: “अपघातानंतर मी कुणावर विश्वास ठेवत नाही.” मी ते काम सोडलं. घरमालकीण कुणावर विश्वास ठेवत नाही कारण ती घरमालकीण आहे.

मग लिहायला का लागलात?

वर सांगितलेल्या यादीमुळे. भूमिका मागून मिळत नाहीत, लिहाव्या लागतात.

पहिली एकांकिका वाईट होती. तिच्यात मी सगळ्या जगाला सुनावलं होतं आणि शेवटी दिवा माझ्या चेहऱ्यावर ठेवला होता. दुसऱ्या नाटकात जरा शहाणपण आलं. दोन बहिणी रामबागेतलं जुनं घर विकायला निघाल्यात. घराचे कागद माळ्यावर आहेत, माळ्याला उभा लाकडी जिना. थोरलीच्या पायात कॅलिपर. म्हणजे कागद आणायला धाकटीच जाणार, आणि वर ती एकटीच असणार. तिने खाली आणलेले कागद सगळे आहेत की एखादा तिथेच राहिला, हे थोरलीला कधीच कळणार नाही. नाटक एवढंच आहे. थोरलीचा पाय रडण्यासाठी नाही, तो जिन्याचं टोक आहे. पाय धडधाकट केला तर कथानक तिथल्या तिथे बसतं.

नवीन लिहिणाऱ्यांना मी हेच विचारते: तुमच्या अपंग पात्राचं अपंगत्व काढून टाकलं तर कोणता प्रवेश कोसळतो? एकही नाही, तर उत्तम, ते कुठल्याही नटाला करता येईल आणि अपंग नटालाही द्या. एखादा कोसळतो, तर तो प्रवेश नीट बांधा. फक्त प्रेक्षकांचे रुमाल कोरडे राहतात, एवढाच फरक पडत असेल तर पुन्हा लिहा.

कॅलिपरचा आवाज होतो, त्याचं काय करता?

लॉक लागताना ‘खट्’ होतं. सुरुवातीला प्रत्येक दिग्दर्शक तेल घाल म्हणायचा. शिवणयंत्राचं तेल घातलं, चामड्याची चकती लावून बघितली, एकदा तर लॉकवर पायमोजा ओढला. आवाज थोडा दबतो, जात नाही. एका गंभीर प्रवेशात, बाप गेल्याची बातमी आलीय, सगळे स्तब्ध, मी उठले आणि ‘खट्’. मागून हशा आला. त्या रात्री झोप लागली नाही.

दोन बहिणींच्या नाटकात मी तो आवाज संहितेत घातला. धाकटी माळ्यावर आहे, रंगमंचावर दिसते ती एकटीच, ती एक कागद वेगळा काढते. खालून, विंगेतून, ‘खट्’. थोरली उठली. धाकटीचा हात थांबतो. मग पावलं. लोखंडी, मऊ, लोखंडी, मऊ. आणि जिन्यापाशी येऊन थांबतात. तो प्रवेश बघताना इंदुरात एकदा एक बाई स्वतःच्या नकळत “अगं, ठेव ते” म्हणाल्या. तेव्हापासून तेल बंद.

धडधाकट नटांनी अपंगाच्या भूमिका करूच नयेत का?

करू नयेत असा फतवा मी काढत नाही. सोंग आणणं हा आपला जुना धंदा आहे. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका अशी सोंगं आहेत, आणि तिथे ती शरीरावर नाहीत, आपल्या आतल्या आंधळेपणावर आहेत. माझी तक्रार व्यवहाराची आहे. धडधाकट नट माझं काम करतो आणि त्याचं कौतुक होतं, “काय लंगडलाय!” मला मात्र त्याचं काम कधी मिळत नाही. वाहतूक एकाच दिशेने चालते.

शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड घ्या. शतकानुशतकं नटांनी पाठीवर कुबड बांधून तो केला. २०१२ साली इंग्लंडमधल्या लेस्टरला एका पार्किंगच्या जागेखाली खऱ्या राजाचा सांगाडा सापडला. कणा वाकडा होता, पण नाटकात सांगितलेला वाळलेला हात काही नव्हता. २०२२ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने पहिल्यांदा ही भूमिका जन्मजात हात अधू असलेल्या नटाला, आर्थर ह्यूजला दिली. पहिल्यांदा, २०२२ मध्ये. बाकी तुम्हीच ठरवा.

अपंग असून मोठं करिअर केलेलं कुणी आहे का?

पालक हा प्रश्न मुलांसमोर विचारतात, म्हणून नावं तयार ठेवते. सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या, आणि पुढे अभिनयात किती वर्षं टिकल्या ते टीव्ही बघणाऱ्यांना सांगायला नको. सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीचा उजवा पाय १९१५ मध्ये, सत्तरी गाठल्यावर कापला. त्यानंतरही, १९२३ मध्ये जाईपर्यंत ती काम करत राहिली. पहिल्या महायुद्धात आघाडीवरच्या सैनिकांसमोर खुर्चीतून उचलून नेलेली असताना तिने प्रयोग केले.

मला जास्त जवळचा वाटतो तो नबील शबान. जन्म जॉर्डनचा, १९५३ चा, हाडं ठिसूळ असण्याचा आजार, व्हीलचेअरवर, वाढला इंग्लंडमध्ये. १९८० मध्ये त्याने रिचर्ड टॉमलिन्सनबरोबर अपंग कलावंतांची ‘ग्रेआय’ ही नाटक कंपनी काढली. ग्रीक पुराणात तिघी बहिणींत मिळून एकच डोळा असतो, त्यांचं हे नाव. टीव्हीवर काम केलं, नाटकंही लिहिली. ती कंपनी अजून चालू आहे, आणि तिची कर्णबधिर दिग्दर्शिका जेनी सीली २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटन सोहळ्याची सहदिग्दर्शिका होती. नट, लेखक आणि कंपनी काढणारा, तिन्ही एकात. मला तिसरं जमलेलं नाही.

तुमच्यासमोर म्हणी वापरल्या तर राग येतो का?

‘वासरात लंगडी गाय शहाणी’ म्हणून झाल्यावर जीभ चावणारे लोक मला फार आवडतात. मराठीतून आंधळे, लंगडे, बहिरे काढले तर निम्म्या म्हणी जातील आणि माझी आजी मुकी होईल. म्हणीचा राग नाही. माझ्या नाटकात थोरली स्वतःच ही म्हण वापरते आणि हशा घेते.

विनोद कुणावर आहे हे मात्र बघते. ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात हाच फरक सांगितला: अपंगत्वाबद्दलची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंगांना हिणवणारा वेगळा. निकाल वाचून मला वाटलं, हे तर कुठल्याही बऱ्या विनोदी नटाला तालमीत कळतं. न कळणाऱ्यांसाठी निकाल हवाच.

यावर पोट भरतं का?

नाही. इंदूरच्या हौशी रंगभूमीवर मानधन म्हणजे शाल, श्रीफळ आणि नशीब असेल तर पेट्रोलचे पैसे. मी राखीव जागेवर कारकून म्हणून लागले आणि अजून आहे. तेव्हा १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना तीन टक्के होते, २०१६ च्या कायद्याने चार झाले. त्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि आरक्षणासाठी निदान चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. नाटकात जायचंय म्हणून प्रमाणपत्र काढायचा आळस करू नका. कलेला ते लागत नाही, दुधाच्या बिलाला लागतं.

लेखकांसाठी एक कामाची गोष्ट. संहिता कुणाला देताना कागदावर द्या. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा, तुमच्या पश्चात साठ वर्षं वारसांचा. माझी ती दोन बहिणींची एकांकिका एका संघाने लेखकाचं नाव न छापता स्पर्धेत केली आणि बक्षीस घेतलं. माझ्याकडे कागद नव्हता. त्यांनी थोरलीचा कॅलिपर काढून तिला दमा दिला होता.

कुठे शिकता येईल?

मी कुठेच शिकले नाही, तालमीत शिकले. इंदुरात बाबा डिक्यांच्या नाट्यभारती या नाट्यसंस्थेची परंपरा होती. त्यांच्या पिढीला बघत वाढलेल्या लोकांनी आम्हाला ओरडून शिकवलं. सानंद या इथल्या संस्थेतर्फे मुंबई-पुण्याची नाटकं येतात, ती बघणं हाही एक अभ्यासक्रमच. रीतसर हवं असेल तर भोपाळला २०११ पासून मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नाट्यविभाग आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय. अर्ज करताना अपंगत्व लपवू नका. सरकारी उच्च शिक्षण संस्थांत निदान पाच टक्के जागा कायद्याने राखीव आहेत. शारीरिक हालचालींच्या तासाला तुम्हाला बाकावर बसवलं तर विचारा, “माझ्या शरीराच्या हालचाली कोण शिकवणार?” उत्तर येणार नाही, पण प्रश्न पोचेल.

नाट्यगृहात तुमच्यासाठी काय सोय लागते?

आयोजक म्हणतात, “ताई, रॅम्प आहे.” असतो. प्रेक्षागृहात यायला असतो, रंगमंचावर जायला नसतो. नट अपंग असू शकतो हे बांधणाऱ्याच्या डोक्यातच नसतं. गणित करून बघा. नियमाप्रमाणे उताराचं प्रमाण एकास बारा. रंगमंच साडेतीन फूट उंच असेल तर बेचाळीस फूट रॅम्प लागतो, मध्ये थांबायला सपाट जागा वेगळी. विंगेमागे एवढी जागा क्वचितच असते. त्यामुळे व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्याला चार जण उचलून वर नेतात, आणि त्याला प्रवेशाआधी नटाऐवजी सामानासारखं वाटतं. म्हणून आम्ही शक्य तिथे जमिनीवर, प्रेक्षकांच्या पातळीवर प्रयोग करतो.

मला स्वतःला लागतं ते थोडकं आहे: पायऱ्यांना एका बाजूला कठडा, मेकअप रूमच्या जवळ कमोड, रंगमंचावर सैल गालिचा नको, आणि ब्लॅकआउटमध्ये विंगेपर्यंत जमिनीवर चमकणाऱ्या टेपचे तुकडे. एका गावात तो टेप पुसणाऱ्याने ‘कचरा’ म्हणून काढला. मी अंधारात नेपथ्यातल्या तुळशीवृंदावनाला धडकले. दिवे लागले तेव्हा मी त्याला धरून उभी होते. प्रेक्षकांना वाटलं भक्ती आहे.

दौऱ्यावर जाता?

जाते. सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री एसीत रेल्वे ७५ टक्के सवलत देते, सोबत्यालाही तेवढीच. त्यामुळे संघात माझा सोबती व्हायला नेहमी भांडण असतं. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी काढा, संहिता वेळेवर पाठवा. इंदूरचे संघ हे विसरतात आणि आदल्या आठवड्यात धावपळ करतात.

वय वाढलं तसं त्रास वाढला का?

हो. पोलिओनंतर काही दशकांनी स्नायू पुन्हा थकायला लागतात, ज्या पायाने आयुष्यभर भार उचलला त्याचेही. डॉक्टर याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. व्यायामाचा मारा करून तो बरा होत नाही, उलट वाढू शकतो. कष्ट वाटून घ्यावे लागतात. म्हणून आता तालीम दोन तासांची, मध्ये पंधरा मिनिटं आडवी. हल्ली लिहिलेल्या नाटकांत माझी पात्रं जास्त बसतात. समीक्षकाने याला ‘संयत दृश्यभाषा’ म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.

आमच्या शाळेत प्रेरणादायी भाषण द्याल का?

नाही. नाटक बसवायचं असेल तर बोलवा. मुलांना पळवेन मात्र मीच.

रात्री तो पाय काढून ठेवता का?

हा प्रश्न फक्त लहान मुलं विचारतात, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबतात. हो, काढते. बुटासकट काढावा लागतो, कारण बूट त्यालाच जोडलेला आहे. खाटेच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकवून उभा ठेवते. लॉक लावलेलं असतं, नाहीतर रात्री तो एकटाच बसतो आणि घर जागं होतं.